खोतीगाव अभयारण्य : चार तासांत तीन किलोमीटर

शेवंती | रविवार, रात्री ९.४०

बाबांना स्टेंट घातल्याला आठ महिने झाले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि बाबा चालतातही. पण फोंड्याच्या बाजारात चालणं म्हणजे दर वीस पावलांवर ओळखीचा माणूस, मग बाकडं, मग चहा. म्हणून आज त्यांना पहाटे साडेपाचला गाडीत घातलं आणि काणकोणच्या दिशेने निघालो. सोबत नववीतले चिरंजीव, मोबाइलसकट. करमल घाटात उजाडलं.

दूधसागर का नाही, हे विचारणारे इथे बरेच निघतील म्हणून आधीच सांगते. तिथली गर्दी नको होती, आणि चढ बाबांना चालणार नव्हता. खोतीगावच्या पायवाटा अर्ध्या किलोमीटरपासून पाचेक किलोमीटरपर्यंतच्या आहेत आणि बऱ्याचशा सपाट. काणकोणच्या चावडी गावाहून कारवारच्या रस्त्याला लागायचं, पैंगिणीच्या बाजूला हायवे सोडून डावीकडे आत वळायचं, की फाटक येतं. तिथे नोंद करायची, निसर्ग माहिती केंद्र बघायचं असेल तर बघायचं (चिरंजीवांनी सापांच्या चित्रांपुढे वीस मिनिटं काढली), आणि मग गाडीने थोडं आत जाऊन पायवाट धरायची.

आम्ही धरली ती तीन किलोमीटरची. साडेआठला सुरू केली आणि साडेबाराला संपवली. यात माझ्या बुटांचाही वाटा आहे. ते बूट करोनाच्या आधीचे, माळ्यावर खोक्यात नीट ठेवलेले, दिसायला नवे. पाव किलोमीटर चालल्यावर उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. पाऊल उचललं की तो लोंबायचा, टेकवलं की फट्कन आपटायचा. दहा मिनिटांनी डाव्यानेही सोबत केली. परत फिरावं का, असा विचार केला, पण बाबा तोवर पुढे जाऊन एका झाडाच्या खोडावर हात फिरवत उभे होते.

बाबा मूळचे कुर्डीचे. गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ते पंचविशीत होते. त्यांच्या तोंडून रानाबद्दल मी फारसं कधी ऐकलेलं नाही. बँकेतली नोकरी, बदल्या, आमच्या शाळा यातच सगळं गेलं. आज मात्र ते दर झाडाशी थांबत होते. गुळगुळीत, पांढुरक्या सालीचा, अंगावरचे पापुद्रे गळून गेलेला तो नाणा. मगरीच्या पाठीसारखी चिरलेली साल ती माट्टीची, म्हणजे आपल्या मराठी पुस्तकातला ऐन. गोव्याचा राज्यवृक्ष तो हाच. चिरंजीवांना पान उलटं करून देठाजवळच्या दोन बारीक गाठी दाखवल्या. किंजळ, कुंभा, काजरा, भेरली माड. एकही नाव त्यांनी नुसतं सांगितलं नाही. या झाडाचं नांगराला, याचं वाशांना, आणि याचं फळ तोंडात घालायचं नाही, असं प्रत्येकाचं काहीतरी होतं.

पुढे वाटेच्या कडेला एक कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, लागलं. तिथे पोफळीच्या खोडाकडे बोट दाखवून बाबा गप्प उभे राहिले. मला काही दिसेना. चिरंजीवांनाही दिसेना. मग खोडाचाच एक खवला हलला आणि त्याच्या गळ्याखाली पिवळ्या रंगाचं एक इवलं पान उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. उडता सरडा. वीतभर असेल शेपटीसकट. तीन-चार वेळा गळा उघडून दाखवला आणि सुटला. बरगड्या दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पसरल्या, खाली तिरका आला, समोरच्या पोफळीजवळ शेवटच्या हातभर अंतरात वर वळला आणि खोडाला चिकटला. चिकटल्याबरोबर परत खोडच झाला. मग सावकाश वर चढू लागला, पुढच्या उडीसाठी.

त्या कुळागरातल्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बाये, बूट हांसता मगे!" म्हणाल्या, आत गेल्या आणि सुंब घेऊन आल्या. दोन्ही बूट सुंबाने बांधून दिले. पैसे विचारायचं धाडस मी केलं नाही, केलं असतं तर बोलणी खाल्ली असती.

पाणवठ्याजवळच्या मचाणावर चिरंजीव चढले. बाबा आणि मी खाली तासभर बसलो. आलं काय? दोन रानकोंबड्या आणि एक धामण. गव्याचे खूर उमटलेले होते, शेणही ताजं होतं, गवा नव्हता. चिरंजीव वैतागून खाली आल्यावर बाबा म्हणाले, "जनावर तुका पळयता. तुका तें दिसना, इतलेंच." (पळयता म्हणजे बघतं.)

शेकरू दोन दिसले. ओंबिलांचं घरटं दिसलं. ही मुंगी पानं शिवते, पण धागा तिचा नसतो, तो तिच्या अळीचा. अळीला तोंडात धरून सुईसारखी इकडून तिकडे फिरवते. आणि व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, ती प्रसिद्ध शीळ ऐकली, शाळेतून घरी निघालेल्या पोराने घालावी तशी. शीळकरी कस्तूर! चिरंजीवांनी रेकॉर्ड केलीय.

परत येताना बाबा गाडीत झोपले. फोटो उद्या टाकते.

---

गडकोट_वेडा | सोमवार, सकाळी ८.१५

चार तासांत तीन किमी! तेवढ्या वेळात आम्ही राजगड चढून संजीवनी माची बघून येतो. गंमत केली हो, राग नसावा.

नाताळाच्या आठवड्यात पुण्याहून तीन दिवस गोव्यात येतोय. समुद्रकिनारा नको. वाघ दिसण्याची शक्यता गोव्यात कुठे जास्त?

---

चावडीकर | सोमवार, सकाळी १०.०२

शेवंतीताई, मी इथलाच. तुम्ही कुळागराबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. खोतीगावावर लिहिणारे बहुतेक जण 'निर्मनुष्य घनदाट अरण्य' असं लिहून मोकळे होतात. हे अभयारण्य १९६८ चं, क्षेत्रफळ ८६ चौरस किलोमीटर. गावं त्याच्या कितीतरी आधीची. कुस्के, आवे, येड्डा, बड्डे, सगळीकडे घरं आहेत, वेळीप आणि कुणबी कुटुंबं आहेत, शेतं आहेत, देव आहेत. कदंबची (गोव्याच्या एसटीची) बस आत जाते, पण तिच्या वेळा शाळा आणि बाजार बघून ठरलेल्या आहेत, ट्रेकरचं जेवण बघून नव्हे. जंगलात फिरताय म्हणजे कुणाच्या तरी परसातून चाललाय, एवढं धरून चाललं की पुरे. कृपया अंगणात उभं राहून ड्रोन उडवू नका. उडवलेत लोकांनी, म्हणून सांगतोय.

गडकोट_वेडा, वाघ दिसण्यासाठी गोव्यात येऊ नका. ताडोबाला जा. इथे वाघ आहेत, पण ते म्हादईच्या पट्ट्यातून, कर्नाटकाच्या रानातून ये-जा करणारे. जीपमधून दाखवायचे नव्हेत.

---

गडकोट_वेडा | सोमवार, सकाळी १०.४०

मग तो व्याघ्र प्रकल्पाचा वाद कशाचा? पेपरात तर वाचलं होतं.

---

चावडीकर | सोमवार, दुपारी १.२०

जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. वाघिणीने गाई-म्हशी मारल्या म्हणून विष घातलं होतं. त्यानंतर प्रकरण पेटलं. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला. त्यात म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि आमचं खोतीगाव हे पट्टे येतात. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

माझं मत विचाराल तर वाघ राहिला पाहिजे आणि वेळीपही. वनहक्क कायदा २००६ चा, आणि दावे निकाली काढायला माणसं अजून फायली घेऊन फिरतात. जमीन कुणाची ते आधी कागदावर येऊ दे, मग कुणी प्रकल्पाला घाबरणार नाही. हा धागा चालण्याचा आहे, तेव्हा इथेच थांबतो.

---

कुडाळचो_बाबल्या | सोमवार, दुपारी ३.५५

ताईनू, भेरली माडाचा नाव वाचून बरा वाटला. त्येची पिकलेली फळा खावक धनेस येता. आमच्याकडे ककणेर म्हणतत. तुमका गावलो नाय काय?

(आता प्रमाण मराठीत, नाहीतर पुणेकर रुसतील.) काजरा आपल्याला विषारी, पण ककणेर त्याची फळं मजेत खातो आणि बिया दूरवर टाकतो. त्यामुळे पुढच्या खेपेला फळं धरलेलं झाड शोधायचं आणि त्याखाली नव्हे, त्याच्यापासून जरा लांब बसायचं. तिलारीत आम्ही हेच करतो. पक्षी शोधत फिरण्यापेक्षा त्याची खानावळ शोधणं सोपं.

---

कडुनिंब | सोमवार, रात्री ८.३०

सगळं छान, पण 'खाली तासभर बसलो' हे वाचून अंगावर काटा आला. पालापाचोळ्यावर बसला नाहीत ना?

माकडताप. सत्तरीत २०१५ पासून रुग्ण सापडले, दोडामार्गातही सापडले, बाबल्यांना ठाऊक असेलच. गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला फिरायचा. पूर्ण पायघोळ पँट, तिच्या कडा मोज्यांत खोचलेल्या. बसायला प्लास्टिकचं बस्कर किंवा दगड. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि अंग नीट तपासायचं, गुडघ्याच्या मागे, कंबरेला, काखेत. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवायचं. पुढच्या दहा-बारा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे न विचारता सांगायचं. घाबरवायला लिहीत नाहीये, मीही जातेच.

---

शेवंती | सोमवार, रात्री ९.१०

अहो, दगडावर बसलो होतो. पण तुमचं वाचून सगळ्यांना न्हाणीघरात पाठवलं. चिरंजीवांच्या पोटरीवर एक निघाली, चालणारी, चिकटलेली नव्हे. धन्यवाद मनापासून.

बाबल्या, ककणेर नाही दिसला. भेरली माडाखाली थांबलो होतो, पण फळं हिरवी होती.

---

मीनाक्षी_ठाणे | सोमवार, रात्री १०.०५

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. गुडघे गेलेत. तीन किमीसुद्धा जमणार नाही. त्यांना पक्ष्यांची फार हौस. काही आहे का?

---

निवटी | मंगळवार, सकाळी ७.२०

मीनाक्षीताई, त्यांना चोडणला घेऊन या. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ चं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की धक्क्याला लागूनच. कांदळवनातून बांधलेली सपाट वाट आहे, वाटेल तिथून मागे फिरता येतं. ओहोटीच्या वेळी जा. भरतीत नुसतं पाणी दिसतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर अर्ध्या तासाची सर्कस चालते. एकच मोठा नांगा मिरवणारे खेकडे, आणि निवट्या, ज्यांच्यावरून मी नाव घेतलंय. डोळे डोक्यावर, कल्ल्यांत पाणी भरून घेतलेलं, आणि मासा असून चिखलावर उड्या मारत भांडतात. खंड्याच दोन-तीन जातींचे दिसतील. डासांचं मलम विसरू नका.

आता शेवंतीताई, तुमच्याशी भांडण. शीळकरी कस्तूर डिसेंबरात? तो गातो मुख्यतः विणीच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्याच्या आगेमागे. हिवाळ्यात एखादी बारीक किंचाळी मारतो, ती लांबलचक शीळ सहसा नाही. रेकॉर्डिंग टाका.

---

शेवंती | मंगळवार, दुपारी २.३०

बाबांनीसुद्धा 'कस्तूर न्हय' म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. दुवा टाकलाय. दोन मिनिटं वीस सेकंद. चिरंजीव मचाणावरून उतरल्यावर व्हाळाकाठी बसून केलेलं आहे.

---

रबरी_शिक्का | मंगळवार, दुपारी ४.४५

पक्ष्यांचं मला कळत नाही, बुटांचं कळतं. पोट भरतो त्यावर.

ताई, तुमचे बूट वापरून नव्हे, न वापरून गेले. त्या जाड मऊ तळव्यात पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षं आतून तुटत जातं. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस केकसारखा भुगा होतो. खोक्यात, माळ्यावर, गोव्याच्या पावसाळ्यात म्हणजे तर त्याला हवं ते सगळं. अधूनमधून घालून चालत राहिलात तर जास्त टिकतात. ट्रेकच्या आदल्या रात्री तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. चीर दिसली तर घरीच ठेवा. गमने चिकटवू नका. मूळ माल सडलाय, गम कशाला धरणार?

---

गडकोट_वेडा | मंगळवार, सायंकाळी ६.१०

हे हरिश्चंद्रगडावर माझं झालंय. टोलार खिंडीत. सुंब देणाऱ्या बाई मात्र नव्हत्या, नाडी सोडून बांधलं आणि मग नाडीविना उतरलो.

बरं, मी ठरवलंय. एक दिवस खोतीगाव, एक दिवस चोडण. बायको म्हणतेय, 'तू चार तासांत तीन किलोमीटर चालून दाखव, मग बोलू.'

---

निवटी | मंगळवार, रात्री ९.५०

ऐकलं. चार वेळा, हेडफोन लावून. आता क्रमाने.

सुरुवातीची शीळ सुरेख आहे, फसावं अशीच. पण ०:२१ ला तोच आवाज शिक्र्यासारखा दोन सुरांत ओरडतो. ०:३३ ला शेकरूची धोक्याची खडखड. ०:४० ला पुन्हा शीळ, मग धातूवर धातू आपटल्यासारखा त्याचा स्वतःचा आवाज. हे सगळं एकाच जागेवरून येतंय. कस्तूर नव्हे, भृंगराज. शेपटीच्या टोकाला तारेने बांधलेली दोन पानं लोंबावीत तसा तो काळा पक्षी. दुसऱ्यांच्या नकला करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. खोड उकरणाऱ्या सुतारांच्या, सातभाईंच्या मागे फिरतो, त्यांनी उठवलेले किडे पकडतो, आणि कधी कधी खोटाच धोक्याचा आवाज काढून त्यांचा घास लाटतो. तुमच्या बाबांना साष्टांग नमस्कार सांगा. 'कस्तूर न्हय' हे हेडफोनशिवाय ओळखणं सोपं नाही.

एक मात्र उलगडत नाही. १:१२ ते १:३० च्या दरम्यान एक जड, चपटा आवाज आहे. फट्, मग थोडी विश्रांती, मग फट्. डावीकडून उजवीकडे सरकत जातो. सुतार नाही, त्याचा ठोका कोरडा असतो. धनेशाचे पंख उडताना जोरात वाजतात, पण तो आवाज हवा कापल्यासारखा येतो, असा ओला नाही. गव्याने शेपूट मारावी तसं वाटलं, पण गवा इतक्या जवळ असता तर तुम्ही रेकॉर्डिंग करत बसला नसता. ग्रुपवर दोघांना ऐकवलं, तेही चाट पडलेत. त्या वेळी काही दिसलं होतं का?

---

कुडाळचो_बाबल्या | मंगळवार, रात्री १०.३०

माका तर मगरीसारो वाटता. व्हाळ हा मां थंय?

---

शेवंती | बुधवार, सकाळी ६.५५

बाबांना आत्ता चहाबरोबर ऐकवलं. भृंगराजाचं कळल्यावर खूश झाले. 'कोतवाल तो, सगळ्यांची नक्कल करता,' म्हणाले. मग १:१२ आलं आणि ते कप खाली ठेवून हसायलाच लागले.

निवटी, माफ करा. तेवढ्यात उजव्या बुटाचं सुंब सुटलं होतं आणि मी हात धुवायला व्हाळाकडे गेले होते.